मुलांचा खर्च करगणनेत धरा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया,
सविनय नमस्कार.

मी नागपूरचा एक पगारदार करदाता आणि दोन मुलींचा बाप आहे. आपल्या सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबरांवरचा जीएसटी शून्य केला, त्याबद्दल मनापासून आभार. परंतु जून महिन्यात आमच्या घराचा हिशेब बर्डीच्या बाजारातल्या वह्या-पुस्तकांनी कोलमडत नाही, तो शाळेच्या शुल्काने कोलमडतो. म्हणूनच माझी पत्नी भिशीतला आपला नंबर दरवर्षी जूनमध्येच मागून घेते.

थोरल्या मुलीची पावती समोर ठेवून हे लिहीत आहे. एकूण ६४,००० रुपयांपैकी शिकवणी शुल्क ३७,००० आहे. बाकीचे सत्र, संगणक आणि उपक्रम शुल्क. व्हॅनचे पैसे वेगळे. जुन्या करप्रणालीत यातले फक्त शिकवणी शुल्क वजावटीस धरले जाते, तेही भविष्य निर्वाह निधी, विमा आणि गृहकर्जाची मुद्दल या सगळ्यांसह दीड लाखाच्या मर्यादेत, आणि ही मर्यादा २०१४ साली ठरलेली आहे. मुलांच्या शिक्षण भत्त्यावरची सूट तर वर्षानुवर्षे दर मुलामागे महिना १०० रुपयांवरच राहिली. २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत यांपैकी काहीच मिळत नाही. त्यामुळे वार्षिक १५ लाख पगारावर, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून, मला ९७,५०० रुपये कर बसतो आणि माझ्याच कार्यालयातल्या, तेवढ्याच पगाराच्या अविवाहित सहकाऱ्यालाही तेवढाच.

तरीही नुसती वजावट वाढवा, असे माझे म्हणणे नाही. उत्पन्नातून ५०,००० रुपये वजा झाले, तर ३० टक्के कर भरणाऱ्याचे १५,००० वाचतात, २० टक्के भरणाऱ्याचे दहा हजार, आणि हिंगणा एमआयडीसीत महिना अठरा हजारांवर राबणाऱ्या, कराच्या कक्षेतच न येणाऱ्या बापाचा एक रुपयाही वाचत नाही, शुल्क मात्र त्यालाही चुकत नाही. म्हणून दर मुलामागे ठरावीक रक्कम थेट करातून वजा व्हावी आणि कर कमी किंवा शून्य असेल, तर उरलेली रक्कम बँक खात्यात जमा व्हावी.

अमेरिकेत २०२१ साली जवळपास हेच झाले. जुलै ते डिसेंबर सहा वर्षांखालच्या मुलामागे महिना ३०० आणि त्यावरील मुलामागे २५० डॉलरपर्यंत रक्कम, कर नसलेल्या घरांनाही, मिळाली. सरकारी मदत आणि करसवलती धरून गरिबी मोजणाऱ्या तिथल्या पूरक मोजमापानुसार बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आले आणि वाढीव सवलत संपल्यावर २०२२ मध्ये १२.४ टक्के झाले. आपली तिजोरी निराळी, याची मला जाणीव आहे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती वर्षअखेरीच्या परताव्यात न अडकता शाळा उघडण्यापूर्वी, मे महिन्यात हाती यावी, एवढी तरतूद येत्या अर्थसंकल्पात करावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक करदाता, नागपूर