सील उघडल्याशिवाय फोकस तपासायचा कसा? सदोष लेन्सबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : 85 एमएम एफ/1.8 लेन्समधला बॅक फोकस (फोकस मागे पडणं) आणि उजव्या कडेचा सॉफ्टपणा (पुसटपणा). बदलून देण्यास नकार मिळाल्याबाबत

महोदय,

तुमच्याकडून ऑनलाइन मागवलेली वरील लेन्स सदोष निघाली. तक्रार तिसऱ्या दिवशी नोंदवली, म्हणजे तुमच्याच सात दिवसांच्या मुदतीत. त्यावर दोन ओळींचं उत्तर आलं : खोक्याचं सील उघडलेलं असल्यामुळे वस्तू परत घेता येत नाही, आणि फोकस चुकणं हा हाताळणीचा दोष असू शकतो. दोन्ही कारणं मान्य नाहीत. खालचा तपशील कृपया लेन्सची जाण असलेल्या माणसाला वाचायला द्यावा.

एफ/1.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, चेहऱ्याचा फोटो काढला, फोकस पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवला, तरी पापण्या पुसट येतात आणि कानाजवळचे केस मात्र एकेक सुटे दिसतात. फोकस नेमका मागे पडतो आहे. तो किती मागे पडतो हे पुढीलप्रमाणे मोजलं.

कॅमेरा फुल फ्रेम डीएसएलआर. ट्रायपॉडवर घट्ट बसवून समोर 2.1 मीटरवर, म्हणजे फोकल लेंग्थच्या (85 एमएम) साधारण 25 पट अंतरावर, जाड काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सपाट कागद सेन्सरला समांतर उभा केला. त्याच्या शेजारी 45 अंशांत तिरपी पट्टी ठेवली, शून्याची खूण बरोबर कागदाच्या पातळीत. पट्टीवरच फोकस केला तर ऑटोफोकस तिच्यावरचा कुठलाही आकडा पकडू शकतो आणि चाचणी फसते, म्हणून सपाट कागद वेगळा हवा. मधला एकच फोकस पॉइंट, भरपूर उजेड, आयएसओ 100, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग मुद्दाम फिरवून ठेवली : दहा वेळा अनंताकडून, दहा वेळा जवळच्या टोकाकडून.

वीसपैकी अठरा फोटोंत शून्याची खूण पुसट आणि 7 सेंटिमीटरच्या आसपासच्या रेघा लख्ख आल्या. पट्टी तिरपी असल्यामुळे तिच्यावरचे 7 म्हणजे खोलीत 5 सेंटिमीटर. या अंतरावर एफ/1.8 ला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चोख दिसणारी खोली, मागेपुढे मिळून जेमतेम साडेसहा सेंटिमीटर असते, म्हणजे फोकसच्या मागे तीन-सव्वातीन. पाच सेंटिमीटरची चूक त्याच्या बाहेर जाते. हात हलला असता किंवा पॉइंट चुकला असता तर चुका मागेपुढे विखुरल्या असत्या. इथे त्या एकाच बाजूला, एकाच मापाने पडतात.

त्याच जागेवरून लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, फोकस केला की शून्याची खूण चोख येते. तेव्हा फोकस थेट सेन्सरवरच्या प्रतिमेवरून ठरतो, तर व्ह्यूफाइंडरमधून पाहताना आरशाखालच्या वेगळ्या ऑटोफोकस सेन्सरवरून. याच बॉडीवर (कॅमेऱ्यावर) दुसऱ्या दोन लेन्स लावून हीच चाचणी केली, दोन्ही बरोबर. तुमची लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावली, तिथेही बॅक फोकस. तेव्हा दोष बॉडीत नाही.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर बॉडीतलं ऑटोफोकस फाइन ट्यून, म्हणजे फोकस पुढेमागे सरकवायची सेटिंग, वापरायला सांगितलं. तेही केलं. उणे 20 वर, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, 2.1 मीटरवरचा फोकस जवळपास जागेवर येतो. पण त्याच आकड्यावर 5 मीटरवरचा फोकस स्पष्टपणे पुढे पडतो. सिंगल फोकल लेंग्थच्या लेन्सला बॉडीत एकच आकडा साठवता येतो. अंतरागणिक चूक बदलत असेल तर त्या एका आकड्याने ती निघत नाही, लेन्सच कॅलिब्रेट करावी, म्हणजे तिचीच जुळणी नीट करावी लागते. नव्या लेन्सला अख्खी मर्यादा खर्ची घालावी लागणं हेही सदोष असल्याचंच लक्षण आहे.

दुसरा दोष उजव्या कडेचा. विटांच्या भिंतीला समांतर कॅमेरा ठेवून लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस केला, तर भिंतीच्या डाव्या कडेला विटांमधले सांधे स्वच्छ दिसतात आणि उजवीकडे ते एकमेकांत मिसळतात. कॅमेरा उलटा करून तोच फोटो काढल्यावर भिंतीची डावी कड पुसट झाली. कॅमेरा तिरका असता तर पुसटपणा भिंतीच्या त्याच भागात राहिला असता. तो लेन्सबरोबर फिरला. उजव्या कोपऱ्यावर स्वतंत्र फोकस करूनही तो कोपरा सुधारत नाही, आणि एफ/8 लाही दोन्ही कडा सारख्या होत नाहीत. आतली एखादी काच मध्यातून सरकली आहे, म्हणजे डीसेंटरिंग. हे कुठल्याही सेटिंगने जात नाही.

असा दोष आदळण्यानेही येतो, म्हणून सांगतो : बाहेरच्या मोठ्या खोक्यात लेन्सचं खोकं मोकळं होतं, भोवती बबल रॅपचा एकच थर, हलवलं की आतून आवाज येत होता. शिवाय माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला बसणाऱ्या, धातूच्या कड्यावर घासल्याच्या वर्तुळाकार खुणा आणि मागच्या काचेवर बोटाचा ठसा होता. ही लेन्स आधी कुणी परत केली होती का, याचं लेखी उत्तर हवं.

आता सीलबद्दल. दुकानात काउंटरवरच आपल्या बॉडीवर लेन्स लावता येते, एफ/1.8 वर चार-सहा फोटो काढून पडद्यावर मोठे करून पाहता येतात, पसंत नसेल तर शेजारचा दुसरा नग लावता येतो. ही सगळी तपासणी पाच-दहा मिनिटांची. ऑनलाइन खरेदीत ती घरी होते आणि त्यासाठी सील उघडावंच लागतं. बंद खोक्यातल्या लेन्सचा फोकस कुणालाही तपासता येणार नाही. परतीसाठी सात दिवस द्यायचे आणि खोकं उघडलं म्हणून परत घ्यायचं नाही, तर ते सात दिवस कशासाठी आहेत?

माझ्या मागण्या अशा : तपासलेली दुसरी लेन्स द्यावी किंवा पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. दुरुस्तीचा पर्याय नको. डीसेंटरिंगसाठी नवी लेन्स उघडून घेण्याची माझी तयारी नाही. तपासणीसाठी लेन्स मागवलीत तर किमान दोन अंतरांवरचे आणि चारही कोपऱ्यांचे चाचणी फोटो मूळ फाइलसह पाठवावेत. नुसतं ‘मर्यादेत आहे’ असं उत्तर स्वीकारलं जाणार नाही. मर्यादा किती आणि मोजमाप किती आलं, ते आकड्यांत हवं.

सोबत बिलाची प्रत, वीसही फोटोंच्या मूळ फाइल, भिंतीचे सुलट-उलट फोटो, पॅकिंग आणि माउंटचे फोटो जोडले आहेत. खोकं, दोन्ही झाकणं, हूड आणि वॉरंटी कार्ड जसंच्या तसं जपून ठेवलं आहे. लेन्स कधी घेऊन जाणार, ते सात दिवसांत लेखी कळवावं.

आपला,
ग्राहक