दादाच्या मोगली मॅडमना

प्रिय मॅडम,

पत्रात माझं नाव घालू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मॅडम. तुम्ही दादाच्या स्पीच थेरपिस्ट, पण घरात तुमचं वेगळंच नाव ठरून गेलंय. दादा तुम्हाला 'मोगली मॅडम' म्हणतो. हे दोन शब्द तो आता एका दमात म्हणतो, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय. सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण ज्या घरात एखाद्याची वाचा गेली आहे तिथे काय करायचं, हे आम्हाला तुम्ही येईपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२४. दादा त्रेचाळीस वर्षांचा. सकाळी दाढी करताना हातातून रेझर पडला, आणि वहिनी धावत गेली तेव्हा तो तिच्याकडे बघून काहीतरी सांगत होता, पण त्यात एकही शब्द नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका मिनिटात गेलं. पंधरा दिवसांनी घरी आणला तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, 'तेच'. भूक लागली की तेच, उशी सरकली की तेच, मुलगी समोर आली की तिच्या गालावर डावा हात ठेवून तेच, तेच. आम्ही त्याच्याशी मोठमोठ्याने बोलायचो, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून असताना एका पेपरात वाचलं होतं की 'रावळगाव' हे नाव, त्यांच्या गोळ्यांच्या कृतींसकट, रिलायन्सने सत्तावीस कोटींना घेतलं. तशा वेळी ही बातमी डोक्यात का राहिली कोण जाणे. आमच्या कराडच्या घरी चॉकलेट हा शब्दच नव्हता, कुठलीही गोळी म्हणजे रावळगाव. वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये मालेगावजवळ साखर कारखाना काढला, ते त्या गावाचं नाव, हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं. मी तो पेपर घडी करून पर्समध्ये ठेवला. दादाला दाखवीन म्हटलं. मग लक्षात आलं, तो वाचेल का, हेच आपल्याला माहीत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशी खोलीत सात माणसं होती आणि टीव्ही चालू होता. तुम्ही आधी टीव्ही बंद केलात. पाच जणांना गोड बोलून बाहेर पाठवलंत. मग दादाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला खुर्ची घेतलीत आणि म्हणालात, "यांना सगळं नाही, पण बरंच समजतंय. शब्द आत आहेत, दार अडकलंय." दादा रडला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याबद्दल बोलताना त्याच्याकडे बघितलं होतं.

आणि मग तुम्ही वहिनीला विचारलंत, हे लहानपणी काय खायचे? काय बघायचे? कुठली गाणी पाठ होती? तेव्हा मला तुमचा राग आला होता, आज कबूल करते. माझ्या भावाला पाणी मागता येत नाही आणि या बाई गोळ्या-बिस्किटांची चौकशी करतायत. वहिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती लग्न होऊन आली २००८ ला. आई आता थकली आहे, तिला तारखा-वारांचा घोळ होतो. त्या काळाची साक्षीदार म्हणून जगात एकटी मीच उरले होते. तुम्ही कोरी वही माझ्या हातात दिलीत. "आठवेल तसं लिहा, सुसंगत नको."

मी रात्री दीडपर्यंत लिहीत बसले. शाळेच्या फाटकाबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या आजी, त्यांची चण्यामण्या बोरं, बोरकूट, तिखटमीठ लावलेला पेरू, कवठाच्या फोडी. विलायती चिंचा, ज्यांतली गुलाबी निघाली तर आधी दादाची. आवळासुपारी. लिमलेटच्या गोळ्या, ज्या बरणीत एकमेकींना चिकटून बसायच्या आणि दुकानदार काका चमच्याने ठोकून सुट्या करायचे. बॉबीच्या पिवळ्या नळ्या पाची बोटांत घालून राक्षस व्हायचं, मग एकेक बोट खायचं. प्लास्टिकच्या नळीतली पेप्सी, तिचं टोक दाताने फोडून द्यायचं काम दादाचं, कारण माझे पुढचे दात पडले होते. किस्मीचा लाल कागद, ज्याला चॉकलेट संपल्यावर चार दिवस वेलचीचा वास यायचा, म्हणून मी तो कंपासपेटीत ठेवायची. आणि गारेगार. उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीत घंटा वाजली की आई झोपली आहे याची खात्री करून, चपला हातात घेऊन दोघांनी जिना उतरायचा. लाकडी पेटी, आत गोणपाट, काडीवरचा नारिंगी बर्फ. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ यायचा आणि तो चाटून घ्यायचा. रंगलेली जीभ लपवायची युक्ती दादाची, वर लगेच तुळशीची चार पानं चघळायची. ती कधीच चालली नाही, दर वेळी पकडले गेलो.

चार पानं भरली. शेवटच्या पानावर कार्टून लिहिली. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा तो 'जंगल बुक', साल १९९३. दादा बारा वर्षांचा, मी आठ. मोगलीकडे फेकलं की परत येणारं ते वाकडं हत्यार होतं ना, तसं दादाने पुठ्ठ्याचं केलं, मग लाकडाचं केलं. ते परत कधी आलं नाही, शेजारच्यांच्या काचेतून आत मात्र गेलं.

तुम्ही वही वाचलीत आणि म्हणालात की तुमचा जन्म १९९७ चा, तुम्ही यातलं काहीच पाहिलेलं नाही. पुढच्या भेटीला आलात तेव्हा आठ भाग बघून आला होतात. मालिका मुळात जपानी आहे आणि आपल्याकडच्या शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, हे तुम्हीच मला सांगितलंत. मी तीस वर्षं तो आवाज मनात घेऊन फिरतेय, पण कधी ओळखला नव्हता. त्या मालिकेचं गुलजारांनी लिहिलेलं गाणं तुम्ही पाठ केलं होतंत. एका पेशंटसाठी, आपली कामाची वेळ संपल्यानंतर.

मग तुम्ही दादाचा डावा हात हातात घेतलात आणि मांडीवर ठेका धरलात. एकेका अक्षराला एक थाप. गाणं सुरू केलंत, हळू, अगदी हळू. दादा तुमच्या ओठांकडे बघत होता. दुसऱ्या ओळीत तुम्ही एक शब्द सोडून दिलात आणि थांबलात. खोलीत पंख्याचा आवाज. मी मनात म्हणत होते, सांगा ना त्याला, सांगून टाका. तुम्ही सांगितलं नाहीत. आणि दादाने, सव्वा महिना 'तेच'शिवाय काहीही न बोललेल्या माझ्या भावाने, स्वच्छ सुरात म्हटलं, "चड्डी."

'चड्डी पहन के फूल खिला है.' त्या काळातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे की त्या जागी तोच शब्द येतो. त्यानंतर 'फूल'ही त्याचं त्यानेच म्हटलं. आई देवघरातून पळत आली. वहिनी जमिनीवर बसली ती बसलीच.

नंतर तुम्ही आम्हाला समजावलंत. बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, सुराचं पुष्कळसं काम उजवीकडे. म्हणून बोलता न येणाऱ्या काहींना गाता येतं. बोस्टनमध्ये १९७३ पासून यावर पद्धतशीर उपचार चालू झाले. आणि हेही सांगितलंत की गाणं म्हटलं म्हणजे बोलायला आलं असं नाही, पाठ असलेलं बाहेर पडणं वेगळं आणि मनातलं सांगणं वेगळं. तुम्ही आम्हाला खोटी आशा कधी दिली नाहीत, याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. खरं काम त्यानंतर होतं. त्याच चालीवर तुम्ही 'पाणी दे ना' बसवलंत, मग 'चहा दे ना', मग 'दिवा लाव ना'. तीन महिने आमच्या घरात सगळे सुरात बोलत होते. मग तुम्ही हळूहळू चाल काढून घेतलीत आणि ठेका ठेवलात. मग ठेकाही काढलात.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही येण्यापूर्वी कुणीतरी आम्हाला सफरचंद, चेंडू, बदक असली बालवाडीची चित्रं आणून दिली होती. दादाने ती डाव्या हाताने भिंतीवर फेकली होती. कारखान्यात तीस माणसं हाताखाली असलेला माणूस तो. तुम्ही माझ्या वहीवरून चित्रं करून आणलीत. बोरं, कवठ, गोळ्यांची बरणी, किस्मीचा लाल कागद. तीही लहानपणचीच, पण त्याच्या लहानपणची. ती त्याने फेकली नाहीत. बोरांच्या चित्रावर त्याने पाऊण मिनिट बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजी." तुम्ही वहीत 'बोर' लिहायच्या जागी 'आजी' लिहून पुढे बरोबरची खूण केलीत. ती वही मी जपून ठेवली आहे.

खायचं मात्र काही द्यायला तुमची सक्त मनाई. मी एकदा चोरून लिमलेटची गोळी घेऊन गेले होते आणि तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. गिळणं बिघडलं असताना पातळ पाणी सगळ्यांत धोक्याचं, ते श्वासनलिकेत उतरलं की न्यूमोनियाची भीती. गोळीची लाळ होते, बर्फाचं पाणी होतं, म्हणून गोळीही नाही आणि गारेगार तर नाहीच. चालतं काय, तर दाट आणि मऊ. त्या उन्हाळ्यात दादाने रोज दोन चमचे श्रीखंड खाल्लं, हनुवटी छातीकडे झुकवून, तुम्ही शिकवलंत तसं. किस्मीचा कागद तुम्ही फक्त त्याच्या नाकाजवळ धरायचात. त्याने डोळे मिटून घेतले की मला कळायचं, तो कुठे जाऊन आला ते.

क्रियापदं येत नव्हती. नावं यायला लागली, पण 'जातो, देतो, करतो' काही केल्या जुळेना. तेव्हा तुम्ही 'टेलस्पिन' या कार्टूनमधलं चित्र काढलंत. आम्हाला लहानपणी मोठं कोडं पडायचं, जंगलातला तो भालू इथे वैमानिकाची टोपी घालून विमान कसा चालवतो. जून महिन्यात, बाहेर पहिला पाऊस पडत असताना, दादा म्हणाला, "भालू... विमान... चालवतो." तीन शब्दांचं ते त्याचं पहिलं स्वतःचं वाक्य. 'मीना' या कार्टूनमधल्या मिठू पोपटासारखं एकमेकांच्या मागून म्हणायचा खेळ दादा आणि त्याची लेक अजून खेळतात. मीना माझी फार लाडकी. आंब्याची मोठी फोड राजूलाच का, असं विचारणारी मुलगी मी टीव्हीवर तेव्हा पहिल्यांदा पाहिली होती. ती राम मोहन यांनी घडवली, हेही तुमच्यामुळेच शोधलं. आकडे गेले होते ते 'एक, अनेक' या फिल्मच्या आधाराने परत आले, विजया मुळे यांनी १९७४ साली केलेली ती चित्रांची फिल्म. एक पक्षी, मग अनेक. पाचापुढे दादा अजून अडखळतो.

आम्हाला तुम्ही काय शिकवलंत तेही इथे लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल. एका वेळी एकानेच बोलायचं. 'हो'-'नाही'त उत्तर देता येईल असं विचारायचं. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. मनात दहा आकडे मोजायचे, मग आणखी दहा. सगळ्यांत अवघड हे शेवटचं, माझ्यासारख्या बडबडीला तर फारच.

या मे महिन्यात आम्ही कराडला गेलो होतो. तुम्ही गिळण्याची तपासणी करून परवानगी दिली होतीत, म्हणून संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा-कोयनेला पाणी कमी होतं, वाळूत पोरं खेळत होती. गारेगारची गाडी दिसली. मी पाकीट काढून पुढे झाले तर दादाने काठीने मला अडवलं आणि स्वतः गेला. मी मागे उभी राहून मोजायला लागले. सातपर्यंत आले होते.

"दोन... गारेगार," दादा म्हणाला.

गाडीवाल्याने आम्ही तिघं बघून तीन काढले. दादाने मान हलवली. भाचीला आदल्या रात्रीपासून खोकला होता, ते त्याच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं.

"दोन. तिला... नको."

भाची रुसली. दादाने आपल्यातला अर्धा तिला दिलाच शेवटी. ओघळ त्याच्या कोपरापर्यंत आला होता आणि उजव्या हाताने तो पुसता येत नव्हता, तो मी पुसला.

पुढच्या वेळी पेशंट बघायला साताऱ्याकडे आलात तर कराडला उतरा. दादाने सांगायला सांगितलंय, गारेगार त्याच्याकडून, आणि मागणारही तोच.

तुमची,
एका पेशंटची बहीण