जुन्या व्हॅनने जोडून दिलेली माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे-सातारा महामार्गावर भरदुपारी गाडी बंद पडली असता दोन तासांत एकही वाहन थांबले नाही, अशी खंत व्यक्त करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडेच वाचले. त्यांचा अनुभव खरा असणार, याविषयी मला शंका नाही. परंतु गेल्या दीड वर्षात याच महामार्गावर आणि त्यानंतर अनेक गावांतून मला जो अनुभव आला, तो इतका वेगळा आहे, की तो लिहिला नाही तर ज्यांनी मला मदत केली त्यांच्यावर अन्याय होईल, असे वाटते.

आमच्याकडे १९९२ सालची मारुती व्हॅन आहे. ही गाडी १९८४ मध्ये बाजारात आली, १९८८ मध्ये तिचे नाव ‘ओम्नी’ झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी आमच्याकडे तिला कोणी ओम्नी म्हटल्याचे मला आठवत नाही, ती व्हॅनच राहिली. वाईला वडिलांचे वह्या-पुस्तकांचे दुकान होते आणि मे महिन्याच्या अखेरीस पुण्याहून वह्यांचे गठ्ठे याच व्हॅनमधून येत असत. वडील गेल्यानंतर गाडी चार वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. ती पुन्हा चालू करावी, असे मनाने घेतले तेव्हा मला इंजिनातले काहीही कळत नव्हते.

स्थानिक गॅरेजमध्ये जुजबी काम करून घेऊन पुण्याला गेलो आणि परत येताना खंबाटकी घाटाच्या चढावर पाण्याचा होज पाइप फुटला. या व्हॅनचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे वाफ थेट पायांशी आली. तापमानाचा काटा लाल रेषेपलीकडे गेल्याचे माझ्या फार उशिरा लक्षात आले. मागून येणारी एक जुनी मॅटॅडोर थांबली. आकुर्डीच्या कारखान्यात बनलेल्या, मूळ जर्मन बनावटीच्या या गाड्या आता रस्त्यावर क्वचितच दिसतात. ही मात्र एका गृहस्थांनी स्वतःच्या हातांनी उभी केलेली होती. त्यांनी सीट उचलून पाहिले, ऑइलची पट्टी बाहेर काढली आणि पाणी मिसळून ऑइलचा रंग दुधाळ झालेला दाखवून सांगितले, “हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलंय. आता स्टार्ट करू नका, नाहीतर इंजिन जाईल.” मग मॅटॅडोरला दोर बांधून, इंडिकेटर चालू ठेवून, अगदी सावकाश त्यांनी व्हॅन घाट पार करून वाईपर्यंत ओढत आणली. ते भोरचे होते आणि वाईला त्यांचे काहीच काम नव्हते, हे मला दारात पोहोचल्यावर समजले. चहा घेऊन ते निघाले आणि पैशांचा विषय त्यांनी काढूच दिला नाही.

पुढचे काम सोपे नव्हते. दोन गॅरेजवाल्यांनी गाडी भंगारात द्यायला सांगितले. त्यांचा दोष नाही, कारण कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असलेल्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री आता निवृत्त होत आहेत आणि नव्या मुलांना ते काम शिकण्याचे कारणही उरलेले नाही. अॅल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापले की वाकते, त्यामुळे नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. ते हेड घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका लेथवाल्याने त्यावर सरळ पट्टी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून दाखवले, फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून दिले आणि मजुरीपेक्षा जास्त वेळ मला समजावण्यात घालवला. सरकत्या दरवाजाचा झिजलेला रोलर माझ्या पिशवीत पाहून त्याने न मागता त्याचे नवे बुश कातून दिले.

कार्ब्युरेटर मात्र कुठेच मिळेना. ओळखीतून ओळख निघत नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांपर्यंत निरोप पोहोचला. त्यांच्या माळ्यावर एक होता. त्यांनी तो एस. टी. पार्सलने पाठवला आणि मोबदल्यात एवढेच मागितले, की माझा खराब झालेला कार्ब्युरेटर त्यांना पाठवावा, कारण त्यातले जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) त्यांना उपयोगी पडतील. नागपूरच्या एका ताईंनी, ज्यांना मी आजवर पाहिलेले नाही, एका रविवारी जवळपास दोन तास फोनवर थांबून माझ्याकडून हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळून घेतले, पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान बसवायला लावला आणि पाणी भरताना गाडीचे तोंड चढावर ठेवून आतली हवा कशी काढायची, तेही सांगितले. मी दोनदा चुकलो. दोन्ही वेळा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

ही माणसे असे का वागतात, याचा मी पुष्कळ विचार केला. ती इतरांपेक्षा मुळातच अधिक उदार असतात, असे मी म्हणणार नाही. मला वाटते, जी वस्तू आता तयारच होत नाही, तिची किंमत ठरवता येत नाही, म्हणून ती विकण्याऐवजी दिली जाते. शिवाय प्रत्येकाच्या गाडीत दुसऱ्या कोणाच्या तरी माळ्यावरचा एखादा भाग बसलेला असतो आणि त्याची आठवण त्याला रोज किल्ली फिरवताना होते. ही व्हॅन आजच्या सुरक्षेच्या निकषांवर टिकणारी नाही, हे मला मान्य आहे. मी ती महामार्गावर वेगाने नेत नाही आणि कोणी तसे करू नये. खासगी वाहनाची १५ वर्षांनंतरची फेरनोंदणीही तपासणी करून वेळेवर घेतली आहे. जुन्या गाड्या सरसकट रस्त्यावर राहाव्यात, असा माझा आग्रह नाही.

विनंती एकच आहे. ज्यांच्या घरचे जुने गॅरेज बंद झाले आहे, त्यांनी तिथले कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पोहोचवणारा भाग), दरवाजाचे रोलर किलोच्या भावाने देण्याआधी आसपास कोणी जुनी गाडी दुरुस्त करत असेल तर त्याला एकदा विचारावे. मागच्याच महिन्यात रत्नागिरीहून एका तरुणाचा फोन आला. त्याला डिस्ट्रिब्युटरचे झाकण हवे होते. वडिलांच्या दुकानातल्या खोक्यात, वह्यांच्या जुन्या बिलांखाली, ते वेष्टनासह निघाले आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मी ते रवाना केले.

खंबाटकी घाटात थांबलेल्या त्या गृहस्थांचे नाव व क्रमांक विचारायचे माझ्याकडून राहिले. घाईत त्यांचा दोर आमच्या व्हॅनच्या हुकालाच राहिला. तो मी धुऊन, गुंडाळून जपून ठेवला आहे. हे पत्र त्यांच्या वाचनात आले तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. भोरला दोर पोहोचवायला मी व्हॅन घेऊनच येईन.

आपला विश्वासू,
एक वाचक, वाई (जि. सातारा)