जुनी इंजिने मोडीत का काढता?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला मॉडेल रेल्वेवरचा लेख आवडला, पण त्यातल्या दोन विधानांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लेखक म्हणतात, डिजिटलच्या जमान्यात जुनी इंजिने काचेच्या कपाटापुरतीच उरली. आणि चालवायचीच असतील तर शून्य नंबरचा पत्ता (कंट्रोलर ज्या नंबराने इंजिनाला हुकूम देतो तो) देऊन डिजिटल रुळावर सोडावीत. पहिले विधान निदान निरुपद्रवी आहे. दुसऱ्याने कोणाची तरी मोटर जळेल.

जुन्या पद्धतीत रुळाला शून्य ते १२ व्होल्ट डीसी देतात. नॉब फिरवला की वेग वाढतो, धन-ऋण उलटले की इंजिन मागे येते. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजेच नवी डिजिटल पद्धत) रुळावर कायम १४-१५ व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत असते. त्या उलटसुलटीतच हुकूम असतो. इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम तेवढा उचलतो आणि मोटरला लागेल तितकी वीज देतो. डिकोडर नसलेली मोटर या रुळावर नुसती उभी असली तरी गुणगुणते आणि तापत राहते. काही कंट्रोलरवर असे डिकोडर नसलेले इंजिन चालवायला शून्य पत्त्याची सोय असते, हे खरे. पण जुनी दणकट मोटर ते थोडा वेळ सोसते, कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर बघता बघता जाते.

आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेचा शिल्प निदेशक म्हणून मी निवृत्त झालो. माझा भाचा लेस्टरला असतो. तिथल्या जुन्या मॉडेलांच्या बाजारातून तो हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीची वापरलेली इंजिने आणतो आणि मी मिरजेत त्यांत डिकोडर बसवतो. काम सोल्डरिंग आयर्न धरता येणाऱ्या कोणालाही जमेल, पण एक गोष्ट सांभाळावी लागते. मोटरचे दोन्ही ब्रश (मोटरमध्ये वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) रुळापासून आणि चॅसिसपासून, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यापासून, विजेच्या दृष्टीने पूर्ण वेगळे केलेले हवेत. हॉर्नबीच्या जुन्या रिंगफील्ड मोटरमध्ये एका ब्रशला वायरने वीज जाते, दुसऱ्याला थेट मोटरच्या धातूच्या अंगातून. अमेरिकेच्या अ‍ॅथर्नच्या निळ्या खोक्यातल्या इंजिनांत मोटरखालची पितळी पट्टी चॅसिसला टेकलेली असते. ती उलटी बसवायची, तिला वायर जोडायची, खाली कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी चिकटपट्टी) लावायची. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन ठिकाणे जोडलेली असली की बीप वाजतो, त्या खुणेवर) ठेवून ब्रश आणि चॅसिस, ब्रश आणि चाके असे सगळे तपासायचे. एकदा जरी बीप वाजला तर डिकोडर जोडू नये, पहिल्याच क्षणी जळतो. मोटरवर टीव्हीतली खरखर थांबवायला लावलेला कपॅसिटर असतो, तोही काढून टाकावा.

दुसरी तपासणी करंटची. मोटरला १२ व्होल्ट देऊन चाक क्षणभर बोटाने अडवायचे आणि अ‍ॅमीटर बघायचा. एचओ-ओओ या मॉडेल रेल्वेच्या नेहमीच्या मापांचे साधे डिकोडर साधारण एक अ‍ॅम्पियरचे असतात. आकडा त्याच्या आत हवा. मोटरचे चुंबक म्हातारे झाले की ती जास्त करंट ओढते, तेव्हा आत छोटे निओडिमियम चुंबक बसवले की आकडा खाली येतो. मला विचाराल तर या कामातली खरी गंमत इथेच आहे. लाल-काळी वायर रुळाला, नारिंगी-करडी मोटरला, हे काय कोणीही जोडेल.

विकत घेताना रंगरंगोटीला भुलू नये. खालून चॅसिस बघावी. जस्ताच्या ओतकामात शिसे मिसळलेले असले की ते वर्षानुवर्षे आतून फुगते, तडकते आणि शेवटी भुगा होतो. त्याला औषध नाही. दातेरी चक्रे तडकलेली असतील तर ती बदलता येतात. ‘डिजिटल रेडी’ या शब्दांनीही फसू नये. आत सॉकेट आहे, डिकोडर तुमचा तुम्ही घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. मार्कलिन या जर्मन कंपनीची जुनी इंजिने एसीवर आणि मधल्या खिळ्यांवरून वीज घेत चालतात, त्यांचे शास्त्र वेगळे.

डिकोडर म्हणजे जादूची कांडी मात्र नव्हे. डीसीवर जे इंजिन गचके देते ते डीसीसीवरही गचकेच देणार. म्हणून आधी चाके आणि कम्युटेटर (मोटरमधला ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) साफ करावे, तेलाचा एखादा थेंब द्यावा, तासभर डीसीवर फिरवावे. त्यानंतरच डिकोडरसाठी पैशाचे पाकीट उघडावे, कारण कधी कधी डिकोडर इंजिनापेक्षा महाग पडतो.

आमच्या मिरजेने एकेकाळी तिन्ही गेज (ब्रॉड, मीटर आणि नॅरो, म्हणजे रुळांची रुंदी) पाहिली, त्यामुळे रुळावरच्या बदलांचे आम्हाला भय नाही. पण पुण्यातले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय बघून आलेल्या कित्येक मुलांच्या घरी काका-मामांनी परदेशातून आणलेले एखादे इंजिन खोक्यात पडलेले असेल. त्यांनी शून्य पत्त्याचा प्रयोग करण्याआधी येत्या रविवारी त्याच पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिल्प निदेशक, मिरज