बाबांच्या निळ्या गाडीला काय लावायचं

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा तीनदा "बरं बरं" म्हणाले, म्हणजे काहीच ऐकू गेलं नव्हतं. म्हणून कागद घेतला. विषय एकच, निळी वॅगनआर आणि तिच्या रंगावर सिरॅमिकचा संरक्षक थर लावून देतो म्हणणारा तो कोटिंगवाला मुलगा.

"9एच आहे काका, खडा लागला तरी ओरखडा नाही," असं तो म्हणाला ना? बाबा, जन्मभर चित्रकला शिकवलीत तुम्ही. हे 9एच तुमच्याच पेन्सिलीच्या डब्यातलं आहे. एचबी, 2एच, 4एच अशा चढत्या कडक पेन्सिली थरावर रेटून बघतात, त्यातली 9एच सगळ्यांत टणक. तिचा ओरखडा उमटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दगडाशी काही संबंध नाही. साखळीहून डिचोलीला जाताना ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली तर रंग जायचा तो जाणारच. थर तरी केवढा! गाडीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, त्यात वरचा पारदर्शक थर 40-50, आणि हे सिरॅमिक जेमतेम एक-दोन मायक्रॉन. आईचा एक केस 70च्या आसपास भरेल. खडीपासून वाचवायला पीपीएफ म्हणून जाड फिल्म चिकटवतात, पण तिची किंमत ऐकली की आई आधी सोन्याचा भाव विचारेल.

सिरॅमिक वाईट असं मी म्हणत नाही. पाणी गोळे होऊन घसरतं, चिखल घट्ट बसत नाही, धुणं सोपं होतं. पण माझंच ऐका. तीन वर्षांपूर्वी मी इथे पणजीत 22 हजार मोजून करून घेतलं, "पाच वर्षं बघायला नको" या बोलीवर. मग सोसायटीतला मुलगा रोज सकाळी एकाच फडक्याने वीस गाड्या पुसायचा, त्यात माझीही. दीड वर्षात बॉनेटवर पाणी पसरून बसायला लागलं. दुकानात गेले तर म्हणे, मॅडम, तुम्ही मेंटेनन्सला आला नाहीत. बघायला नको म्हटलं होतं ते मेंटेनन्सचंच, असं मला वाटलं होतं!

तेव्हा कळलं की थर कोणता यापेक्षा गाडी कोण आणि कशी धुतं यावर सगळं आहे. रस्त्यावर पडत नाहीत तेवढे ओरखडे धुताना पडतात. चवथीला आले तेव्हा मी गणपतीवरच्या माटोळीखाली बसून बघत होते. बाबांनी आधी कोरडाच गंजीफ्रॉक बॉनेटवरून फिरवला, मग एका बादलीत चिमूटभर कपड्यांची पावडर. बाबा, आपली तांबडी धूळ म्हणजे दळलेला चिराच की. तुम्ही चिऱ्याच्या पुडीने गाडी घासता. 2012 ला खाणी बंद होण्याआधी जुन्या मारुतीवर लाल थर बसायचा तो तरी दिसायचा; ही दिसत नाही इतकंच. दुपारच्या उन्हात ड्रायव्हरच्या दाराकडे तिरपं बघा, कोळ्याने जाळं विणल्यासारखे बारीक गोल दिसतील.

मला बोलायचा अधिकार नाही, ठाऊक आहे. त्याच मारुतीच्या टपावरचा फणसाचा चीक मी काथ्याने घासून काढला होता. चिकाबरोबर रंगही निघाला. बाबा काही बोलले नाहीत, खोबरेल आणून उरलेला चीक बोटाने सोडवत बसले.

तर आता असं करा. आधी नळीने भरपूर पाणी, हात न लावता. मग गाडीचा शांपू, कपड्यांची पावडर नको, ती आपण लावलेला थरच काढते. दोन बादल्या, एक शांपूची आणि एक फडकं खळबळायची. दोन्ही अर्ध्याच भरा, खांदा तुमचाच आहे. टपापासून खाली या, सावलीत, आणि लगेच पुसा. आपल्या बोअरच्या पाण्याने न्हाणीतल्या बादलीला तांबडी कडा येते, तेच पाणी गाडीवर वाळलं तर डाग धरणार. पाघोळीखाली पिंप लावता ना, ते पावसाचं पाणी शेवटच्या हाताला ठेवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आणि लावायचं काय? तुमचा तो मेणाचा डबा मला आवडतो, वासासकट. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, कार्नौबा. पण आपल्या उन्हा-पावसात ते महिना-दोन महिने टिकतं, आणि गोल गोल घासून खांदा धरतो. म्हणून मी स्प्रे सीलंट आणते. त्यात सिरॅमिकमधलंच सिलिका, पण पातळ. धुऊन पुसलं की अर्ध्या दारापुरतं मायक्रोफायबरवर मारायचं, पसरायचं, फडक्याच्या कोरड्या बाजूने पुसायचं. तीन-चार महिने पुरतं. तारखा लक्षात ठेवायला नकोत. दिवाळी, शिगमो आणि मृगाच्या आधी. थर गेला असं वाटलं तर पुन्हा मारायचा, कोणाच्या दुकानात जायला नको. पाच वर्षांची हमी घेऊन दर रविवारी अंगणात हात जोडून उभे राहिलेले बाबा मला काही दिसत नाहीत.

वटवाघळांची घाण मात्र कोणताही थर फार वेळ सोसत नाही. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचलायची, खरवडायची नाही. समुद्रावर गेलात तर चाकांच्या आतून नळी मारा, गंज खालून येतो, तिथे हे स्प्रे-बिप्रे पोचत नाही.

आई, तुझी तक्रार विसरले नाही. अंगणातलं शेवाळ मी रविवारी येऊन घासते, तोवर त्यांना ओल्यात वाकू देऊ नकोस. गंजीफ्रॉक टाकू नका, चाकांना चालेल. मासळीबाजारात तिसऱ्या मिळाल्या तर घेऊन ठेव.

तुमची,
बाय