चौघांचा गेम एकट्याने खेळून गुण कसे देणार?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील जुन्या व्हिडिओ गेम्सवरचा लेख वाचला. त्यात चौघांनी मिळून झॉम्बींच्या झुंडींतून वाट काढण्याच्या ‘लेफ्ट फोर डेड’ या गेमला दीड परिच्छेदात निकालात काढले आहे: कथा नाही, मोहिमा मोजक्या, दोन संध्याकाळी पुरणारा झॉम्बींचा गेम. आपण तो एकट्यानेच खेळलो, असेही लेखकाने लिहिले आहे. माझी हरकत तिथेच आहे.

गेममध्ये ऐवज कमी असल्याची तक्रार जुनीच आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने हा गेम कॉम्प्युटर आणि एक्सबॉक्स ३६० साठी आणला, तेव्हाही समीक्षकांनी त्यावर बोट ठेवले होते. चारच मोहिमा, कथा नावापुरती. तरीही समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याला १०० पैकी ८९ गुण मिळाले, आणि २००९ मध्ये मल्टिप्लेयर गटातला बाफ्टा पुरस्कारही. मालमसाला कमी असताना एवढे कौतुक कशाचे झाले, हे लेखात यायला हवे होते.

एक कारण म्हणजे गेमच्या पोटात बसलेला ‘डिरेक्टर’. खेळणारे कितपत जेरीस आले आहेत हे ही यंत्रणा सतत पाहते आणि झुंड कधी, कुठून सोडायची ते ठरवते. फारच दमछाक झाली की थोडी उसंत देते. त्यामुळे काल जिथे औषध सापडले, तिथे आज काहीच नसते. चार मोहिमा मोजून गेम लहान ठरवणे म्हणूनच मला पटत नाही.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. हंटर या झेप घेणाऱ्या झॉम्बीने झडप घालून खाली पाडले की स्वतःला सोडवता येत नाही. कठड्याला लटकलात तर स्वतःहून वर येता येत नाही. कोणीतरी मागे वळून हात द्यावाच लागतो. एकट्याने खेळताना बाकीचे तिघे कॉम्प्युटर चालवतो. ते निमूटपणे मदतीला येतात. घाबरत नाहीत, चिडत नाहीत, तुम्हाला टाकून पळतही नाहीत. मग गेममध्ये उरते काय?

२०११ मध्ये सांगलीला हॉस्टेलच्या खोलीत चार कॉम्प्युटर एका स्विचला जोडून आम्ही ‘नो मर्सी’ ही मोहीम खेळायचो. शेवट हॉस्पिटलच्या गच्चीवर होतो, हेलिकॉप्टर येते. एका रात्री मी हेलिकॉप्टरच्या दारापासून दहा पावलांवर पडलो. जतहून आलेला एक मुलगा, ज्याच्याशी तोवर माझे धड बोलणेही नव्हते, हेलिकॉप्टरमध्ये चढला होता. तो खाली उतरला. ‘थांब, आलो,’ एवढेच म्हणाला. मला उठवेपर्यंत टँक नावाच्या धिप्पाड झॉम्बीने दोघांनाही लोळवले आणि बाकीचे दोघे उडून गेले. शेवटच्या श्रेयनामावलीत आम्हा दोघांची नावे ‘स्मरणार्थ’ म्हणून आली. मिनिटभर कोणी बोलले नाही. मग तोच म्हणाला, ‘परत लाव.’ या अनुभवाला किती गुण द्यायचे, हे एकट्याने खेळणारा समीक्षक कसे ठरवणार?

मोजामोजीत खेळाडूही मागे नव्हते. जून २००९ मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली आणि एवढ्या लवकर नवा भाग कसा, म्हणून ३०,००० हून अधिक जण बहिष्कारात सामील झाले. पहिल्या भागासाठी पैसे मोजलेल्यांचा तो राग मला समजतो. कंपनीने त्यांच्या दोन म्होरक्यांना आपल्या कार्यालयात बोलावून नवा गेम खेळायला दिला, आणि ऑक्टोबरमध्ये तो गट बंद झाला. नोव्हेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या भागालाही ८९ गुणच पडले. तो अजून खेळला जातो. २०२० मध्ये तर खेळाडूंनीच तयार केलेली ‘द लास्ट स्टँड’ ही भर त्यात अधिकृतपणे आली.

याउलट ऑक्टोबर २०२१ मधला ‘बॅक फोर ब्लड’. पहिल्या गेममागे असलेल्या टर्टल रॉक स्टुडिओचाच हा गेम. खेळाडूची ताकद वाढवणारे पत्ते, बंदुकांचे सुटे भाग, सगळे भरपूर. समीक्षकांचे गुण मात्र कमी. त्यात एकट्याने खेळले तर प्रगतीच नोंदली जात नव्हती. यावर टीका झाली ती योग्यच होती आणि कंपनीला ते नंतर बदलावे लागले. ज्याला सोबती नाहीत त्यानेही पैसे तेवढेच मोजलेले असतात. तेव्हा एकट्याचा अनुभव जरूर लिहावा, पण तो एकट्याचा आहे हे सांगून. अख्ख्या गेमचा निकाल त्यावर लावू नये.

माझी विनंती एवढीच, की अशा गेमचे परीक्षण छापताना किती जणांनी, ओळखीच्यांबरोबर की अनोळखी लोकांबरोबर, आणि किती दिवस खेळून लिहिले, हे सुरुवातीलाच द्यावे.

जतचा तो मित्र आता दुबईत असतो. तो, मी आणि आणखी एक जण अजूनही शनिवारी रात्री दहानंतर खेळतो. चौथी जागा बहुतेक वेळा रिकामी असते. लेखकांनी जरूर यावे.

– एक वाचक, सांगली