वायर, बँक, १९३०, मशीन: शाखेतल्या मॅडमना आभाराचं पत्र

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

काउंटरवर पासबुकं छापता छापता तुम्ही एका पाठकोऱ्या कागदावर, कॉम्प्युटर-मोबाइलवरच्या फसवणुकीत सापडलं तर काय करायचं, याचा जो क्रम लिहून दिलात, तो आता परभणी, सेलू, जिंतूर, वसमत भागातल्या सेवा केंद्रांत आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत भिंतीवर लागला आहे. वायर, बँक, १९३०, मशीन. (१९३० म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीची सरकारी हेल्पलाइन.) शब्द चारच. आभार मानायचे आहेत ते त्यांच्या क्रमाचे. पत्र जाहीर लिहितोय, कारण नुसता कागद पाहून 'असंच का?' हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय घाबरलेला माणूस क्रम पाळत नाही.

दुरुस्तीवाल्याचा हात आधी मशीनकडे जातो. गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं: स्कॅन लाव, फॉरमॅट मार, मोकळं कर. पण खोट्या टेक सपोर्टच्या, म्हणजे कंपनीचा मदतनीस असल्याचं भासवून केलेल्या फसवणुकीत सुरुवातीला मशीनला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. भोंगा वाजतो, पडदाभर निळी-लाल चौकट येते, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, 'कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका' अशी धमकी आणि खाली एक फोन नंबर. हे सगळं म्हणजे पडदाभर ताणलेलं एक वेब पान. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगून ठेवलंय की त्यांच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की विषय संपला.

ते पान घालवायला एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं, पडदा लहान झाला की टॅब बंद करायचा. नाही जमलं तर ऑल्ट आणि एफ-४. तरीही अडलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि क्रोम किंवा एज जे असेल ते निवडून 'एंड टास्क'. घोळ होतो तो यानंतर. ब्राउझर परत उघडला की तो आधीची पानं परत आणू का विचारतो, माणूस सवयीनं 'रिस्टोअर' दाबतो आणि भोंगा पुन्हा सुरू. तिथं नाहीच म्हणायचं. पुढं कोपऱ्यात 'पाच व्हायरस सापडले' अशा चिठ्ठ्या येत राहिल्या, तर कधीतरी कुठल्यातरी साइटला 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथल्या परवानगीच्या यादीतून अनोळखी नावं काढून टाकायची. एवढ्यासाठी पाचशे रुपये मोजायची गरज नाही, हे आम्ही दुकानदार असूनच लिहितोय.

आपल्याकडे भोंग्यापेक्षा बिनआवाजाचा सापळा जास्त घातक. पीक विम्याची गर्दी असते, केंद्रासमोर रांग लागलेली, आणि नेमकी त्याच वेळी अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारशी जोडणारा प्रोग्राम) बंद पडते किंवा प्रिंटर ड्रायव्हर मागतो. चालक घाईत गुगलवर 'सपोर्ट नंबर' शोधतो. सगळ्यात वर येतं ते अनेकदा पैसे देऊन लावलेलं. 'स्पॉन्सर्ड' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते घाईत कोण वाचतो? प्रिंटरच्या खोट्या साइटवर तर ड्रायव्हर चढत असल्याचा देखावा होतो, पट्टी नव्वद टक्क्यांवर अडकते, चुकीचा कोड येतो आणि शेजारी नंबर झळकतो. तो कोड प्रत्येकाला येतो. गुगलच्या नकाशावर एखाद्या दुकानापुढचा किंवा शाखेपुढचा नंबरही बाहेरचा माणूस बदल सुचवून फिरवू शकतो, म्हणून तोही प्रमाण धरायचा नाही.

यावर तुम्ही सांगितलेला उपाय साधा आहे: नंबर शोधायचा नाही, घरातल्या कागदावरून घ्यायचा. बँकेचा एटीएम कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून, यंत्राचा खोक्यावरून नाहीतर बिलावरून. म्हणून भिंतीवरच्या कागदावर आम्ही कुठलाच नंबर छापला नाही, फक्त १९३०. बाकी चौकटी रिकाम्या आहेत, ज्यानं त्यानं हातानं भरायच्या. नेटवरूनच बघायचं झालं तर बँकेचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असा संपतो का ते बघावं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. कधीमधी शाखेतून साध्या मोबाइलवरूनही फोन येतो, हे खरं. पण फोन ठेवून पासबुकावरच्या नंबरवर परत लावला तर तुम्ही रागावत नाही, उलट शाबासकी देता.

आता फोनवरच्या माणसाचा खेळ. बोलणं बहुतेक हिंदीत, अतिशय अदबीनं. आधी एनीडेस्क किंवा तसलंच, लांबून आपलं मशीन चालवू देणारं दुसरं ॲप टाकायला लावतो, त्यातला नऊ-दहा आकडी नंबर विचारतो आणि 'ॲक्सेप्ट' दाबायला सांगतो. एनीडेस्कच्या अशा वापराबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ॲपचा दोष नाही, आपला टॅलीवालाही तेच वापरतो. फोन कुणी कुणाला लावला आणि नंबर आला कुठून, हा खरा प्रश्न. आत शिरला की तो इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. त्यात लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण शेकड्यांनी दिसतात. कालच खोक्यातून काढलेल्या मशीनवरही ते थोडेफार असतातच; विंडोजची ती रोजनिशी आहे, कुठली सेवा सुरू व्हायला अडखळली तरी तिथं नोंद पडते. तरीही गिऱ्हाईक बिथरलं नाही तर तो ठग काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) 'असोक' (assoc) ही आज्ञा देतो. भराभर ओळी सरकतात, शेवटाला एक लांबलचक आकडा येतो, ८८८डीसीए६० नं सुरू होणारा. 'हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन नंबर, आमच्या रेकॉर्डला आहे, ऐका,' म्हणत तो आकडा वाचून दाखवतो आणि अक्षर न अक्षर जुळतं. इथं भले भले गार पडतात.

जुळणारच. तो आकडा प्रत्येक विंडोजवर तोच असतो. दुकानात दोन मशीनं शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला हे डोळ्यांनी दाखवा, हा तुमचाच आग्रह. दहा भाषणांनी होत नाही ते या दोन मिनिटांत होतं, आणि कॉम्प्युटर न वापरणाऱ्या आजीलाही समजतं. याबद्दल तुमचे वेगळे आभार.

पैसे काढायची तऱ्हाही ठरलेली. 'दहा रुपये भरून नोंदणी करा' म्हणत पिन टाकायला लावायचा, नाहीतर 'तुमचे पाच हजार परत करतो' म्हणत नेट बँकिंग उघडायला लावायचं. मग क्षणभर पडदा काळा होतो, आणि पाहावं तर पाच हजारांऐवजी पन्नास हजार जमा! 'माझी नोकरी जाईल, पंचेचाळीस परत पाठवा,' म्हणून रडगाणं सुरू. जमा काहीच झालेलं नसतं. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून पानावरचा आकडा खोडता-लिहिता येतो, बँकेतला नाही. शिल्लक बघायची तर दुसऱ्या फोनवरून किंवा एटीएमवर. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

मोबाइलवर याच जातीचा प्रकार व्हॉट्सॲपनं येतो, किसान योजनेच्या किंवा गाडीच्या चलनाच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे थेट ॲप बसवणारी फाइल. ती टाकली की मेसेज वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पळतात.

आता तुमचा क्रम. वायर म्हणजे नेटची केबल उपटायची किंवा राउटर बंद करायचा. फोन असेल तर एअरप्लेन मोड, पण वाय-फाय वेगळं तपासायचं, कारण कित्येक फोनांत ते चालूच राहतं. समोरच्याशी वाद घालत बसायचं नाही; तो बोलण्यात गुंतवून वेळच काढत असतो. पुढचे सगळे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून, कारण फसलेल्या फोनवर कॉल फॉरवर्डिंग (आपले कॉल परस्पर दुसऱ्या नंबरवर वळवणं) लागलेलं असू शकतं. नंतर त्या फोनवरून हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश लावलं की सगळं फॉरवर्डिंग निघतं.

बँकेला 'माझे पैसे गेले' एवढंच सांगून भागत नाही. 'डेबिट बंद करा, कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करा' असं सांगायचं, आणि त्या फोनला जोडलेली सगळी खाती सांगायची, घरच्या माणसाचं असेल तर तेही. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातला तुम्ही दाखवलेला मुद्दा लोकांना ठाऊकच नसतो: ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. सोयाबीनचे पैसे नुकतेच जमा झालेल्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

मग १९३०. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतो; ज्या खात्यात तो सापडेल तिथं अडवायची सोय या यंत्रणेत आहे, पण सापडला तर. त्यांना लागतं ते हाताशी ठेवायचं: रक्कम, वेळ, आपल्या बँकेचं नाव आणि खाते नंबर, पैसे कुणाकडे गेले, आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी ओळख नंबर. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली दिसतो. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर थेट तक्रार घालता येते. चॅट आणि कॉल लॉग पुसायचे नाहीत, दुसऱ्या फोननं फोटो काढून ठेवायचे.

मशीन सगळ्यात शेवटी, त्यालाही कारण आहे. एनीडेस्क आपल्या फोल्डरमध्ये 'कनेक्शन ट्रेस' नावाची टेक्स्ट फाइल ठेवतं. बाहेरून कुठल्या नंबरवरून आणि किती वाजता जोडणी झाली ते त्यात असतं. घाईघाईनं फॉरमॅट मारलं की तो पुरावा गेला. आधी ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, मग ॲप काढायचं, मग विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं लागतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. जीमेलचा तर सगळ्यात आधी, आणि त्यातला रिकव्हरी नंबर आपलाच आहे ना, तेही बघायचं.

कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही एक गोष्ट वाढवली आहे. एकदा फसलेल्याला काही दिवसांनी पुन्हा फोन येतो, 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा.' कधी सायबर सेलचं नाव घेतात, कधी वकील म्हणवतात. अशा माणसाला आम्ही घरच्या कुणाला तरी सोबत देऊन शाखेत पाठवतो. व्यवहाराची वेळ संपल्यावरही तुम्ही त्यांना खुर्ची देऊन ऐकून घेता, त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
परभणी-हिंगोली भागातले सेवा केंद्र चालक आणि कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीवाले